रंगुबाईंच्या ताब्यातली खिडकी

वाई मुक्कामी राजवर्धनराव पाहुणे यांस,

आष्ट्याहून तुमचे दाजी लालासाहेब यांचा रामराम. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. सूनबाईला जपा. इकडे आम्ही मजेत आहोत. (घरात सध्या मी एकटाच, पण ‘आम्ही’ लिहिलं की बरं वाटतं.) फोनच करणार होतो, पण तुमचा फोन तुमची ताई, म्हणजे आमची मंडळी, उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवून देते. म्हणून हे पत्र.

तुमच्या कानावर ताईची बाजू आली असेलच. माझी ऐका. आमच्या स्वयंपाकघराची लाकडी खिडकी तुम्हाला ठाऊक आहे. मधला गज कधीचा निघालेला. त्या फटीतून ताईची आणि शेजारच्या रंगुबाईंची वाटी ये-जा करायची, आणि डासही. मी ठरवलं, जाळीची सरकती खिडकी बसवायची. ताई म्हणाली, “आवं, असू दे की जुनी. वाटी कुठनं द्यायची मग?” पण ज्यानं फौजेत पूल उभारले, त्यानं खिडकीसाठी बायकोचा सल्ला घ्यायचा म्हणजे अतीच झालं. (पूल उभारणाऱ्यांना मी सामान पोचवायचो. हे ताईला माहीत आहे, तुम्हाला नव्हतं.)

पलूसचा रविराज नवी खिडकी घेऊन आला. जुनी काढताना मी म्हणालो, “तू फक्त सोडव, मी धरतो.” धरली, आणि खिडकीसकट माझा तोल रंगुबाईंच्या अंगणाकडे गेला. मी वाचलो, कारण रांजणाएवढं पोट खिडकीच्या भोकात अडकलं. खिडकी मात्र त्यांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. ज्या बाईचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो, ती गप्प बसली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पुढचं काम नीट व्हावं म्हणून मी त्यांच्याच अंगणात उभा राहून हुकूम सोडू लागलो. रविराजनं विचारलं, लॉक कुठल्या अंगाला? मी म्हणालो, “माझ्या हाताशी आलं पायजे.” त्यानं बिचाऱ्यानं माझ्या हाताशी आणलं. सिमेंट भरून, चहा पिऊन, तो गेला. मी घरात येऊन मोठ्या ऐटीत खिडकी उघडायला गेलो, तर लॉक बाहेर! राजवर्धनराव, आमच्या घराची खिडकी आता रंगुबाई उघडतात आणि रंगुबाई लावतात. सध्या लावलेली आहे. आत शिरलेल्या डासांना बाहेर जायची सोय उरलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी ताईनं मिरचीची फोडणी टाकली आणि दोघं खोकत अंगणात आलो. मी म्हणालो, फोडणीच जरा कमी टाकत जा. तेवढंच म्हणालो. ती पिशवी भरून तुमच्याकडे सूनबाईच्या डोहाळजेवणाला आली. ते जेवण आटपून बाकीचे पाहुणे कधीच पांगले, ती अजून तिथंच आहे.

मी रंगुबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “खिडकी उघडती की. पण आदी माझी वाटी आणा.” त्यांची वाटी आमच्या फळीवर आहे आणि शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, एवढं मलाही कळतं. म्हणून शिरा केला. तो वाटीत ओतला, पण वाटीतून निघेना. चमचा वाकला. तसा शिरा रंगुबाईंना दिला असता तर त्यांनी खिडकीच्या जागी भिंत घातली असती.

खिडकी फिरवायला रविराज तयार आहे, पण ताईनं सांगितल्याशिवाय मी आता भिंतीला हात लावणार नाही. घर खायला उठलंय. चुकलात म्हणून तोंडावर सांगणारं कुणी नाही, आणि त्याशिवाय मला चूक कळत नाही.

तुमचा,
लालासाहेब

ता.क. हे पत्र ताईला दाखवू नका. चुकून तिच्या हाती लागेल अशा जागी ठेवा.

पुन्हा ता.क. तिला सकाळच्या गाडीत बसवून द्या. ‘दाजींनी बोलावलंय’ म्हणू नका, ‘रंगुबाईंनी बोलावलंय’ म्हणा.

शेवटचं ता.क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात खिडकी सरकली. रंगुबाईंनी आमटीची वाटी आत ठेवली आणि म्हणाल्या, “वैनी येईस्तवर भिंत चाटून ऱ्हाणार हायसा व्हय?” आमटी फार चांगली होती, डोळ्यांत पाणी आलं. पण पाहुणं, आता भरून द्यायच्या वाट्या दोन झाल्या. सकाळची नको, मिळेल त्या गाडीनं पाठवा.