अंगावरचा नवस

।। श्री ।।

मेहरूण, जळगाव
ता. ९ जानेवारी १९५८

ती. सौ. अक्कास,
गिरधरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल. पत्राला उशीर झाला त्याचा दोष पोस्टावर ढकलायचं मी ठरवलं होतं, पण तू ओळखशील म्हणून सांगतो, आळसच केला. शालिग्रामभाऊ कापसाच्या कामाने धुळ्याला येताहेत, त्यांच्याबरोबर बोरांचं गाठोडं पाठवतो आहे. या साली बोरं अशी उतरली आहेत की तलावाकडून वारा आला तर घरभर वास येतो. दाजींना आधी दाखवू नकोस, तुझ्या वाट्याला बियाच राहतील.

आईने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू बांधायला घेतले आहेत. नानांची जुनी धोतरं फाडून दुपटी शिवण्याचा कारखानाच काढला आहे. नाना म्हणत होते, नातवंड येईपर्यंत आपल्याला नेसायला काही उरेल की नाही याची त्यांना शंका आहे. तुला सातवा लागला, आता पाण्याच्या घागरी उचलायच्या नाहीत, असं आईने बजावून लिहायला सांगितलं आहे. महाशिवरात्रीच्या आधी ये आणि बाळंतपण होईपर्यंत राहा.

आणि एक नवल ऐक. या वर्षी महाशिवरात्रीला एदलाबादला मुक्ताईच्या जत्रेला आई मलाही नेणार! आजवर ती दरवर्षी बायांबरोबर जायची आणि मला नानांपाशी ठेवून जायची. मी एवढा घोडा झालो तरी तलावात पोहू देत नाही, पुण्याच्या शेतकी कॉलेजचं नाव काढलं तर दोन दिवस बोलत नाही, ते तुला ठाऊकच आहे. आता आपण होऊन म्हणते, पुष्पा आणि तू, दोघांना न्यायचं आहे, नवस फेडायचा आहे.

भाकरी थापताना तिच्या मागेच लागलो, तेव्हा बोलली. लग्नाला सात वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. त्यात भडगावची बेबामावशी, म्हणजे तुझी जन्मदाती, वारली. तेव्हा आई मुक्ताईला बोलली की बहिणीची आईवेगळी पोर पोटची म्हणून वाढवीन, तिचं लग्न करून देईन, तू मला मुलगा दे. आणि अस्मादिक आले! म्हणजे अक्का, माझ्या जन्माची दलाली तूच केलीस. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. यापुढे मी तुझी बाहुली तलावात बुडवली हे उगाळायचं नाही. नवसाची अक्का लवकर यावी.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो बोरांच्या हंगामापुरता नसावा.

तुझा
गिरधर

*

धुळे
ता. १७ जानेवारी १९५८

ती. सौ. मावशीस,
पुष्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र गिरधर तुला वाचून दाखवील आणि पहिल्याच ओळीला अडखळेल. त्याला सांग, लिहिताना चूक झालेली नाही. तू माझी मावशीच आहेस.

बोरं पोचली. सासूबाईंनी विचारलं की माहेरची बोरं आणि तू तोंड का लावत नाहीस. काय सांगू त्यांना? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आले आहे. बेबाआई गेली, बापाने दुसरं लग्न ठरवलं, तू दिवसांना भडगावला आलीस, मी रांगत-चालत येऊन तुझा पदर धरला आणि तू मला उचललंस ते जळगाव येईपर्यंत खाली ठेवलं नाहीस. ही गोष्ट तूच मला झोपवताना सांगायचीस. त्या पदराला आधीच नवसाची गाठ होती, हे तेवढं सांगायचं राहिलं.

शेजारणी म्हणायच्या, शेवंताबाई परक्या पोरीचं किती करते. मी त्यांच्याशी भांडायची की मी परकी नाही. त्या बरोबर होत्या. तू माझ्या केसांना तेल लावलंस, पुरणपोळीचा पहिला तुकडा मला दिलास, सगळं खरं. पण प्रत्येक वेळी तुझा एक डोळा मुक्ताईकडे होता. कोणी गाईला घास घालतं, कोणी पिंपळाला पाणी घालतं, तू पुष्पाला वाढवलंस. माझी पाठवणी करताना तू हंबरडा फोडलास. तो माझ्यासाठी होता की नवस एकदाचा पुरा झाला म्हणून? मला आता काहीच कळत नाही, आणि हे न कळणं फार वाईट आहे. एकच विचारते. मुक्ताईने पाच नारळांवर भागवलं असतं, तर तू मला भडगावलाच ठेवलं असतंस ना?

माझ्या पोटात जीव आहे म्हणून हे अधिक लागतं आहे असं हे म्हणतात. असेल. मी जत्रेला येणार नाही. बाळंतपणालाही येणार नाही. सासूबाई करीन म्हणाल्या आहेत, आणि त्यांनी कुठे काही बोलून ठेवलेलं नाही.

नानांना माझा नमस्कार सांग. त्यांनी उभ्या जन्मात कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत. मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं ते वरून कोणी बघत नसताना. माझ्यावर खरी माया एकट्या नानांनी केली.

न्यायला कोणाला पाठवू नये. लोभ होता असं समजून चालत होते, तेवढ्यावरच थांबते.

पुष्पा

*

मेहरूण
ता. २३ जानेवारी १९५८

ती. सौ. अक्कास,
गिरधरचा सा. न. वि. वि.

मी मूर्ख आहे, हे तुझ्या पत्राआधी फक्त तुला माहीत होतं, आता घरात सगळ्यांना कळलं. पहिली ओळ मी आई म्हणूनच वाचली. पण नाना शेजारी बसून कागदात बघत होते. ते म्हणाले, जे लिहिलं आहे ते वाच. मग वाचलं, शेवटपर्यंत. स्वतःचं नाव आलं तेव्हा नाना उठून बोरीच्या झाडांकडे निघून गेले आणि जेवायला आले नाहीत. मला वाटलं होतं, तू अशी तोंडभरून तारीफ केलीस तर ते खूष होतील.

आई रडली नाही. पीठ मळत होती ते मळत राहिली. आज मला दौत-टाक घेऊन बसवलं आहे. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर तुझ्या हातचं पाणी घेणार नाही, असा दम दिला आहे. तिची बोली शाळेच्या मराठीत बसवून लिहितो. जिथे बसणार नाही तिथे तशीच ठेवतो. सोबत जोडलं आहे.

गिरधर

*

श्री मुक्ताबाई प्रसन्न

चि. सौ. पुष्पास,
शेवंताबाईचा आशीर्वाद.

तू मावशी लिहिलंस, म्हणून मी आई लिहीत नाही.

नवस केला. खोटं कशाले सांगू? सात वर्षं माझी ओटी रिकामी होती. घरात सवत आणायचं बोलणं चाललं होतं. नाना देवाला मानत नव्हते, पण सवत नको असंही म्हणत नव्हते. मी कोणाकडे जायचं? मुक्ताईपुढे पदर पसरला. भडगावला निघाले ती नवसासाठीच निघाले. तू पदर धरलास हे खरं. मी तुले उचललं हेही खरं. पण माझ्या मनात मुलगा होता. पहिलं वर्षभर तुला न्हाऊ घालताना मी मुक्ताईला सांगायची, बघ बाई, घालते आहे. तिने नारळांवर भागवलं असतं तर तू भडगावलाच राहिली असतीस. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

मग गिरधर झाला. तो आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा, आणि तुला देवी आल्या. सगळे म्हणाले, पोरीला मळ्यातल्या खोपीत ठेवा, झुलाल राखणदार भाकर-पाणी नेऊन देईल, पोरगा सांभाळा. नानाही तेच म्हणाले. पुस्तकात तसंच लिहिलं आहे म्हणाले, आणि लिहिलं असेलही. ते वाईट माणूस नाहीत. पण तू त्यांचं खरं आणि माझं खोटं म्हणतेस, म्हणून सांगते. मला उंबऱ्यात अडवायला तेच उभे होते.

नवस मुलासाठी होता. मग मी मुलापाशी बसायला हवं होतं. मी गिरधरला शेजारच्या लताबाईच्या मांडीवर टाकलं आणि खोपीत आले. माझं दूध तिथेच आटलं. तुझ्याखाली लिंबाचा पाला अंथरला होता. डोळे चिकटलेले, तोंडात पाणी घातलं तर बाहेर यायचं. तू रडायची थांबलीस तेव्हा मी भ्याले. तेव्हा मी मुक्ताईला बोलले. दिलेला परत घे, म्हटलं, पण ही माझ्यापाशी राहू दे.

हे गिरधरच लिहितो आहे. त्याचा हात थांबला. लिही रे, म्हणते आहे मी.

तुझा ताप उतरला. मुक्ताई अजून गिरधरला घ्यायला आली नाही, पण मी बोलून बसले आहे. म्हणून तलाव नाही, पुणं नाही, एदलाबाद नाही. तिच्या नजरेला त्याला पडू दिलं नाही. आता तुझं लग्न झालं, पहिलं बोलणं पुरं झालं. तुम्हा दोघांना पुढे उभं करून मला तिला सांगायचं आहे की तो शब्द सोड, मला दोन्ही पाहिजेत. एकट्या पोराला घेऊन जायला माझे पाय उचलत नाहीत. तू जवळ असलीस तर मी तसं का बोलले ते तिला दिसेल.

यायचं तर ये. मावशीच्या घरीही भाकर मिळते. घागरी उचलू नको.

शेवंताबाई

*

मेहरूण
ता. २५ जानेवारी १९५८

अक्का,

आईचं पत्र तुला पोचलं असेल. ते माझ्या अक्षरात आहे. एक शब्द गाळला नाही. पोस्टाच्या पेटीपाशी बराच वेळ उभा होतो, फाडून टाकावंसं वाटत होतं, पण आतल्या गोष्टी मला कळल्याच होत्या, मग फाडून काय उपयोग?

परवा मी तुला दलाल म्हणून हसलो. आता तू हस. तू माझ्यासाठी आणलेली आणि मी तुझ्यासाठी देऊन टाकलेला. पुण्याला जाऊ देत नाही तेव्हा मी मित्रांना ऐटीत सांगायचो, काय करू, आईचा जीव माझ्यात गुंतला आहे. गुंतला कसला! दुसऱ्याची वस्तू घरात आहे, मालक कधी दारात उभा राहील सांगता येत नाही, म्हणून ती मला कडीकुलपात ठेवत होती. तिला मी हरवेन अशी भीती नव्हती, तिने मला आधीच दिलं होतं.

मी तिला विचारलं की पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा तेच बोलशील का. ती तव्याकडे बघत म्हणाली की तिला माहीत नाही, आणि असलं विचारू नको. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? एवढं एक खोटं मला हवं होतं. मग तिने माझ्या आवडीची शेवभाजी केली आणि मी ती खाल्ली. भूक लागली होती.

नाना एकदाच म्हणाले की त्यांच्याकडे कोणाला देऊन टाकायला देव नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तकाचं ऐकलं, आणि पुस्तक तुला ठेवायला निघालं होतं मळ्यात. तू त्यांच्याविषयी लिहिलेलं ते खऱ्या मायेचं वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं आहे.

मी एदलाबादला जाणार नाही. मुक्ताईला घ्यायचंच असतं तर मेहरूण काही लांब नव्हतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला ठाऊकच आहे. पण काल तलावावर गेलो, आता अडवायला कोणी नव्हतं, धोतर खोचलं, आणि पाण्यात पाय घालायचा धीर झाला नाही. तसाच परत आलो. हे कोणाला सांगू नकोस.

तुझा म्हणवतो आहे, निदान तुझा तरी असावा.

गिरधर

*

धुळे
ता. २ फेब्रुवारी १९५८

चि. गिरधरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. आईचं आधी वाचलं. आरशापुढे जाऊन गालावरच्या वणांवरून हात फिरवला. आणि तुझ्यापासून लपवत नाही, मला क्षणभर बरं वाटलं. तुझ्यापेक्षा मी तिला हवी होते, असं वाटून बरं वाटलं. मग तुझं पत्र उघडलं आणि माझीच मला लाज वाटली.

तिला माफ केलं असं समजू नकोस. तिने मला नवसासाठी घेतलं आणि तुला नवसात घातलं. आपल्यापैकी कोणालाही विचारलं नाही. एवढी वर्षं आपण एका ताटात जेवलो आणि आपल्या डोक्यावरून तिचं आणि तिच्या देवीचं काय चाललं होतं हे आपल्याला माहीत नव्हतं. नानांवरही माझा राग आहे. त्यांना खांद्यावरून खाली उतरवायला मला वेळ लागेल.

तरी मी येते आहे. दहा तारखेला हे मला मोटारीने जळगावला आणून सोडतील. मुक्ताईसाठी नाही, आईसाठीही नाही. तुला एकट्याला तिच्यामागे उभं राहावं लागू नये म्हणून. तू एदलाबादला यायचंस. आपण दोघं शेजारी उभे राहू, ती काय बोलायचं ते बोलो. तिचं झालं की तिथेच, देवीसमोर, मी तिच्याकडून कबूल करून घेणार आहे की जूनमध्ये तू पुण्याला जायचंस. तिथे दिलेला शब्द ती मोडत नाही, हे तर आता आपल्याला पक्कं कळलं आहे. बाळंतपणाचं मग बघू.

आणखी एक. हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. परवा सकाळपासून पोटात बाळ हलत नव्हतं. सासूबाईंनी साखर दिली, डाव्या कुशीवर निजवलं, सुईणीला बोलावलं. दुपारपर्यंत काही नाही. ह्यांचा चेहरा उतरला. आणि मी, आईवर एवढी जळफळलेली मी, भिंतीकडे तोंड करून मुक्ताईला काहीतरी बोलून गेले. दिवे लागले तेव्हा बाळ हललं. आता सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

मी काय देऊ केलं ते विचारू नकोस. तू नाहीस, एवढं सांगते. पण जे माणूस दिलं ते मी दुसऱ्या कोणाच्या घरातलं उचलून दिलं, आणि ज्याचं दिलं त्याला मी कधी सांगणार नाही. आईसमोर मला फार वेळ बसवू नकोस. ती नुसती बघेल आणि ओळखील.

मोटार स्टँडवर तू ये. लोभ ठेव, आणि तो का ठेवायचा ते मला विचारू नकोस, मीही यापुढे कोणाला विचारणार नाही.

तुझी
अक्का