निळ्या झाकणाच्या बरण्या

७ जानेवारी १९९६, संगमनेर
आज शेवटी घट्ट जमलं. कोरफडीचा गर, गवारीचा डिंक, उकळून गार केलेलं. ताटात खरवसासारखं थरथरतं. जखमेवर वडी ठेवली तर ओल टिकते, काढताना कातडी ओढत नाही. ज्यांच्या लॅबमध्ये काम करते ते सर म्हणाले, "बी.एस्सी. झालेल्या मुलीनं हे केलंय यावर कुणाचा विश्वास बसणार नाही." कॉलेजातून खोलीवर चालतच आले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मीच पहिली. कधी एकदा आईला सांगते असं झालंय.

१४ जाने.
सरांना घेऊन कारखान्याजवळ ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेले. आई-दादा दिवाळीपासून इथंच आहेत. आईच्या घोट्याखाली कोयता लागलाय, वर रोज पाचटाची धूळ; बाकी बायांच्याही पायांना अशाच जखमा. सर आमच्या कोपीत खाली बसले, आमच्या कपातनं चहा प्याले. दुसऱ्यांदा मागून घेतला. आई नंतर म्हणाली, "मानूस चांगला हाय गं." मला भरून आलं.

बरण्या दोन प्रकारच्या. पांढऱ्या झाकणाच्या मी भरल्या, निळ्या सरांनी. "प्रमाण थोडं वेगळं आहे, कुठलं चालतं बघू." जिला जी हवी ती घेऊ दे म्हणाले, निम्म्या-निम्म्या झाल्या म्हणजे झालं. आपल्या वस्तीच्या बायांनी सगळ्यांनी निळी उचलली. सरांनी हसून विचारलं, निळीच का?
"आमचा रंग हाय, सायेब," आई म्हणाली.
"वा, छान," सर म्हणाले.
पांढऱ्या पलीकडच्या टोळीकडे गेल्या.

२१ जाने.
पां.वाल्यांच्या जखमा भरत आल्यात. एकीची तर खपलीही धरली नाही, खालून गुलाबी कातडी. नि.वाल्यांच्या तशाच. आईची कडेनं पिवळी. तरी मलाच धीर देते, "लई गार वाटतंय बघ." पारूमावशी शेजारच्या कोपीतली, तिचीही निळीच. म्हणाली, "पुढाऱ्यावानी हाय तुझं औषद. आलं, बसलं, काम काय न्हाई." सगळ्या हसल्या. मीही हसले.
सरांना सांगितलं, निळं प्रमाण चुकतंय. "घाई नको. अजून बघू."

२९ जाने.
औषध कंपनीचे दोघे पुण्याहून आले होते. मी चहा घेऊन दाराशी गेले. सर त्यांना सांगत होते, "निळ्यात नुसती साबुदाण्याची खळ. औषध काही नाही. बायकांना माहीत नाही. या मुलीलाही नाही."
ट्रे ठेवला. बाहेर येऊन उभी राहिले.

ते गेल्यावर विचारलं.
"तुलना कशाशी तरी करावी लागते ना?"
"सर, माझी आई आहे ती."
"म्हणून तर नाही सांगितलं. तू तिला पांढरी दिली असतीस."
दिली असती. खरंच दिली असती.
तुलना मला कळते. शिकलेय मी. पण चिठ्ठ्या टाकता आल्या असत्या. आई रंगाचं सांगत होती तेव्हा सर समोर उभे होते. आमच्या सगळ्याच बाया खळ घेऊन चालल्यात हे त्यांना दिसत होतं. आणि म्हणाले, वा, छान.
तो दुसरा कप चहाही आता…

२ फेब्रु.
आईला ताप. कारखान्याच्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू केलीत. डॉक्टर म्हणाले, उतार पडला नाही तर नगरला हलवा, पायाचं काही सांगता येत नाही.
सरांचा निरोप: रविवारी जखमांची शेवटची मापं घे, बायका तुझ्याशिवाय पाय पुढे करत नाहीत. मधे काही बदललंस तर तुझं औषध खरं आहे हे कुणालाच कळणार नाही.
हेही खरंच आहे. त्यांचं सगळं खरंच असतं.

४ फेब्रु.
मापं घेतली नाहीत. काल दिवसभर वड्या केल्या, पां. बरण्या भरून नेल्या. निळीवाल्या सगळ्या आमच्या कोपीसमोर जमल्या. सांगितलं, निळ्यात औषध नव्हतंच. मलाही सोमवारीच कळलं.
पारूमावशीनं पायावरची पट्टी सोडली आणि चुलीत टाकली.
आई कोपीत गोधडीत पडून होती. बरणी हातात घेतली, झाकण उघडून बघितलं.
"मग ह्यात हाय कशावरनं?"
"मी केलंय, आई. माझ्या हातानं."
"निळी बी तूच दिलीस की."
बोलण्यात राग नव्हता. नुसतं सांगितलं.
बरणी आमच्या दोघींच्या मधे. मी वडी काढून तळहातावर धरली. आईनं पाय गोधडीतून अजून बाहेर काढला नव्हता.