शिवडीला उतरण्याची व्यवस्था

पालघर, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३. संध्याकाळ.

मुरबे गावची जानकीबाई आज मासळी घेऊन दारी आली. म्हणाली, "गुरुजी, लग्नाला आमी चार दिस मुंबईला जातो." मुंबई म्हटले की मला राहवत नाही. तिला पायरीवर बसवून समजावू लागलो: कोटात, गिरगावात उतरू नये, तेथील दर आपल्याला पेलत नाहीत, शिवडी-माझगावकडे खोली पाहावी, आधी पाण्याची वेळ विचारावी, मग खिडकी पाहावी. तिने सारे ऐकले आणि पदर तोंडाला लावून हसली.

"आमाला कशाला खोली? शिवडीला माजी नणंद हाय. सुक्या बोंबलांचं गाठोडं नेलं का झालं, किती दिस ऱ्हानार कोन विचारतंय? तुमचं कोन हाय तितं?"

येत्या सोमवारी मुंबईस माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन आहे, हे तिला ठाऊक आहे. पुढे आठवडाभर दोन्ही डोळ्यांवर पट्टी. हात धरून नेणारे... कोन हाय तितं?

"नणंदेकडंच उतरा. मी सांगते तिला."

"नको, माझी व्यवस्था झाली आहे." असे का म्हणालो? भायखळ्याच्या लॉजवाल्यास पत्र धाडले आहे, एवढीच ती व्यवस्था. स्वस्त खोल्यांची माहिती वीस वर्षे इतक्या चोखपणे का जमवली, ते तिच्या प्रश्नाने आज कळले. पट्टी बांधलेल्या माणसाला खिडकी काय करायची?

उद्या सकाळी ती बाजारात टोपली उतरवेल. गिऱ्हाइके यायच्या आत जाऊन सांगायचे: जानकीबाई, व्यवस्था झालेली नाही. वाक्य अगदी सोपे आहे. वर्गात कोणत्याही मुलाकडून मी ते सहज म्हणवून घेतले असते.