एकुलती एक किल्ली

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा आपला पत्रांचा पुरातन मार्गच बरा. भाचेसाहेब तुला घ्यायला स्वतः स्टेशनवर आले होते, हे वाचून सौ.ला फार बरं वाटलं. मलाही वाटलं, पण जरा कमी. मुलगा इतका चांगला निघाला की आईला परत आणणं जड जातं.

निघताना दारात तू जी अट घातलीस ती मी विसरलेलो नाही. भावोजींनी बीपासून वाढवलेलं लिंबाचं झाड थंडी संपेपर्यंत तगलं, तर तू परत येशील. नाही तर फ्लॅट विकून कायमची लेकाकडे राहशील. म्हणताना तू हसत होतीस. पण तुझ्या हसण्यावर मी लहानपणापासून विश्वास ठेवलेला नाही. मग एकुलती एक किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणालीस, की दुसऱ्या कुणावर तुझा भरवसा नाही. ताई, इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय, पण एवढ्या जबाबदारीचं काम मला अजून कुणी दिलं नव्हतं. रोज शाळेतून आलो की चप्पलसुद्धा न काढता समोरच्या इमारतीत तुझा जिना चढतो आणि बाल्कनीतल्या कुंडीत तांब्याभर पाणी घालतो. झाड माझ्याकडे बघतं, मी झाडाकडे. दोघांनाही फारसं बोलायची सवय नाही.

सोसायटीची वार्षिक सभा परवा झाली. सेक्रेटरी या नात्याने मी गच्चीच्या गळतीचा ठराव मांडला आणि सवयीने तुझ्या खुर्चीकडे बघून थांबलो. हरकत आलीच नाही. सभा चहा यायच्या आत संपली. लोक तसेच बसून राहिले. घरी जावं की काय करावं, कुणाला सुचेना. ठराव ‘एकमताने’ मंजूर झाला असं प्रथमच लिहावं लागलं. बाकी लिफ्ट नेहमीप्रमाणे दुसऱ्या मजल्यावर समाधी लावून बसते. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आणि तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर, दोघंही भेटले की तुझी चौकशी करतात आणि उगाचच गूढ हसतात.

सौ.चा नमस्कार. नातीला पापा. तुझा लोभ नसता तरी मी लिहिलंच असतं, पण आहे तो असू दे.

तुझा धाकटा

२० नोव्हेंबर

चि. शास्त्रीबुवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईने मोठ्याने वाचून दाखवलं. ती ‘समाधी’वर हसली, म्हणजे पोरगी आपल्यातली आहे.

इथे माझं सगळं छान चाललंय, हीच अडचण आहे. लेक ऑफिसला जाताना माझ्या पायापाशी हीटर लावून जातो. नात शाळेतून आली की पहिली माझ्या खोलीत डोकावते. पण दिवसभर मी या चौदाव्या मजल्यावर एकटी असते रे. जिन्यात कुणी भेटत नाही, कारण जिना कुणी वापरतच नाही. दाराला किल्ली म्हणून नाही, आकडे दाबायचे. परवा माझा आकडा चुकला, तर दाराने मला तीनदा हाकललं. आपलं कुलूप खडखड करतं, पण ओळख तरी ठेवतं.

लेकाने फ्लॅटला एक गिऱ्हाईक पाहून ठेवलंय. माणसं चांगली आहेत म्हणे. फेब्रुवारी संपेपर्यंत उत्तर द्यायचंय. तो म्हणतो की आई, तू तिथे पडलीबिडलीस तर आम्हाला कळणार कधी? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग मी विषय बदलला. हे गेले तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता, ते त्याच्या मनातून अजून जात नाही. एकट्या बाईची कोण किती दिवस काळजी करणार, हा प्रश्न काही खोटा नाही. म्हणून मी झाडावर सोपवलंय. माझ्यापेक्षा त्याला खरं कळेल.

झाड कसं आहे ते सरळ लिही. आणि तू स्वेटर घाल. शिकलेल्या माणसालाही सर्दी होते.

आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

तुझी ताई

१८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हेमंत संपत आला, शिशिराची चाहूल लागली. सकाळी धुक्यात पार्किंगमधल्या गाड्या दिसत नाहीत, त्यामुळे त्यांवरून होणारी भांडणं दुपारपर्यंत लांबतात. टाकी धुतली. वॉचमनने स्वतःसाठी कानटोपी आणि गेटवरच्या कुत्र्यासाठी गोणपाट मिळवलं. दोघंही रुबाबात आहेत.

झाडाविषयी म्हणशील, तर त्याने ऋतूचा मान राखून काही पानं पीतवर्ण केली आहेत. काहींनी तर देहाची आसक्ती सोडून कुंडीबाहेर प्रस्थान ठेवलं आहे. काळजीचं कारण नाही. पानं पिवळी पडली म्हणजे तहान लागली असणार, असा विचार करून मी एका तांब्याचे दोन केले. माती तर नेहमी ओली लागते. माझ्या हातून इतकं नियमित काम होतंय, याचं मलाच कौतुक वाटतं.

स्टेशनमास्तर हल्ली तुझ्या जिन्यात वारंवार भेटतात. राहतात तळमजल्यावर, पण गुडघ्यांसाठी चढउतार चांगली असते, असं सांगतात. आमची सौ. दुपारी कुठे जाते हे मी विचारलं, तर पाय मोकळे करायला, असं उत्तर मिळालं. सगळी सोसायटीच एकाएकी व्यायामाला लागली आहे.

भाचेसाहेबांचा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मी धुक्याबद्दल जास्त लिहिलं.

स्वेटर घातला आहे. लोभावर ऊब अवलंबून आहे, तो कमी करू नकोस.

तुझा धाकटा

५ जानेवारी

चि. शास्त्रीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

लिंबाचं झाड ऋतूचा मान राखून पानं टाकत नसतं. संस्कृत बंद कर आणि झाडाला काय झालंय ते लिही. लहानपणी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही ‘बरणी भंगली’ म्हणाला होतास. जणू काही ती स्वतःच गेली.

मी रागावलेली नाही. काल लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंना मी नाव विचारलं, तर त्यांनी मजल्याचा आकडा सांगितला. खूप वेळ हसू येत होतं, मग थांबलं.

लवकर लिही.

तुझी ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

जे घडलं ते क्रमाने लिहितो, आणि साध्या मराठीत.

काल शाळा लवकर सुटली म्हणून मी वेळेआधीच तुझ्याकडे गेलो. किल्ली कुलपाला लावणार, तोच मागून कुणीतरी खणखणीत आवाजात विचारलं, की परक्या माणसाच्या बंद घराशी मी काय करतोय. वळून पाहतो तो स्टेशनमास्तर. त्यांच्या एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात तुझ्या दाराची किल्ली. मी म्हटलं, ही एकुलती एक किल्ली आहे. ते म्हणाले, त्यांचीसुद्धा. तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे, की त्यांच्याशिवाय तुझा कुणावर भरवसा नाही. वाद रंगायच्या आत दार आतूनच उघडलं. डॉक्टरीणबाई! हातात ही मोठी इंजेक्शनची सिरिंज. झाडाच्या मुळांना थेंब थेंब पाणी अगदी नेमकं द्यावं लागतं, असं त्यांचं शास्त्र. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे असताना जिन्यावरून वॉचमन आला, बादली घेऊन. आणि त्याच्यामागून पदराला हात पुसत आमची सौ. तिला तू किल्ली देताना सांगितलं होतंस, की यांच्या लक्षात राहायचं नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आम्ही, पण तिने पत्ता लागू दिला नाही.

ताई, तो बिचारा वृक्ष दिवसाला पाच माणसांचं पाणी पीत होता. माती ओली लागत होती ती माझ्या पुण्याईने नव्हे. प्रत्येकाला पानं पिवळी दिसली, आणि प्रत्येकाने पाणी वाढवलं.

कुंडी आडवी करून पाणी काढलं. डॉक्टरीणबाईंनी मुळं तपासली आणि रोग्याच्या नातेवाइकांना सांगतात तसं मान हलवून सांगितलं, की वाट बघू. सगळे तुझ्याच बैठकीत बसून राहिलो. सौ.ने तुझ्याच कपांत चहा केला. तुझा दांडी तुटलेला कप स्टेशनमास्तरांना मिळाला, त्यांनी तक्रार केली नाही.

लोभाची याचना आज करत नाही. आज तसा अधिकार वाटत नाही.

तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तरी लिहितो, कारण हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

झाड गेलं. भंगलं नाही, आम्ही मारलं.

नवं आणून त्याच कुंडीत लावावं, अशी सूचना स्टेशनमास्तरांनी केली आणि आम्ही सगळे रिक्षा करून रोपवाटिकेत गेलोसुद्धा. लिंबाची झाडं पुष्कळ होती. पण प्रत्येकाला लिंबं लागलेली! भावोजींचं झाड इतक्या वर्षांत एका लिंबाला जबाबदार नव्हतं, आणि ते त्याचा किती अभिमान बाळगायचे, ते आठवून डॉक्टरीणबाईंना तिथेच रडू आलं. माळी घाबरला. आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो.

आता तुझी अट आहे आणि महिना निम्म्याहून अधिक सरलाय. तू सही करायची ठरवलीस तर मी वाद घालणार नाही. भाचा खरंच तुला जपतो. विक्रीसाठी सोसायटीचा ‘ना हरकत’ दाखला लागतो, तो सेक्रेटरीने द्यायचा असतो. सेक्रेटरीची हरकत नाही. भावाची आहे, पण छापील नमुन्यात त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही.

किल्ल्या कुणी परत केलेल्या नाहीत. संध्याकाळी सगळे अजूनही तुझ्याकडे जमतात. पाणी घालायला काही नाही, तरी येतात. वॉचमन खिडक्या उघडतो, सौ. धूळ झटकते, आणि मग थोडा वेळ आम्ही नुसते बसतो.

तू जिथे असशील तिथे बरी राहा.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. शास्त्रीबुवांस,
अनेक आशीर्वाद. सूनबाईच्या हातून लिहवून घेते आहे, कारण आज माझा हात घाई करतोय.

झाड गेल्याचं तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं. सूनबाईच्या मोबाईलवर तुम्हा सगळ्यांचे निरोप येत होते. प्रत्येकाने तुला सांगू नका म्हणून बजावलं, आणि प्रत्येकाने ते झाड एकट्यानेच मारल्याचं लिहिलं. स्टेशनमास्तर म्हणतात, सगळा दोष त्यांचा. डॉक्टरीणबाई म्हणतात, मुळांना धक्का त्यांनीच लावला. तुझ्या बायकोने लिहिलं, की तिच्यावर रागावले तरी चालेल, भावावर रागावू नये. वॉचमनने आवाज भरून पाठवला, त्यात निम्मं रडणं आणि निम्मं कुत्र्याचं भुंकणं. मी उत्तर दिलं नाही, कारण तू काय लिहितोस ते मला बघायचं होतं. तू लिहिलंस. संस्कृत न वापरता.

किल्ल्यांचं म्हणशील, तर मी खोटं बोलले नाही. ज्याला देत होते, त्याच्यावर त्या वेळी सगळाच भरवसा होता.

काल रात्रीच्या जेवणानंतर ही सगळी पत्रं आणि निरोप सूनबाईने लेकाला वाचून दाखवले. तो इंजेक्शनच्या सिरिंजपर्यंत हसला. रिकाम्या घरात तुम्ही नुसते बसता, तिथे आल्यावर त्याने ते पत्र सूनबाईच्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. मी त्याला सांगितलं, की अरे, एकटी पडले तर कळणार कधी, असं विचारत होतास ना? तिथे एका झाडाला एकटं राहता आलं नाही. दुर्लक्षाने गेलं असतं, तर मी सही केली असती. हे लाडाने गेलं. मग त्याने स्वतःच गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. माझं तिकीट काढलं. आणि जाता जाता लहानपणीसारखा दारात घुटमळून म्हणाला, की आई, तिकडे गेलीस की मलाही एक किल्ली करून पाठव.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. तो पोचवायला येतोय, चार दिवस राहील. नात सुट्टीत येईल. कुंडी फेकू नका, माती उन्हात सुकू द्या. पुढे काय लावायचं ते मी ठरवीन, आणि पाणी मीच घालीन. गच्चीच्या ठरावाला माझी हरकत आहे, ती नोंदवून ठेव.

आणखी एक. माझी स्वतःची किल्ली मी टॅक्सीत बसताना वॉचमनला दिली होती. माझ्याकडे एकही नाही.

कुणीतरी घरी असा.

तुझी ताई