मयत – परत पाठवा

७ ऑक्टोबर

टपालपेटीचं झाकण आज लागेना, इतकी कोंबलेली होती. आरोग्यविम्याच्या योजना, कानाची यंत्रं, निवडणुकीतले दात विचकणारे चेहरे, चीजचा कॅटलॉग. आणि बाबांच्या नावानं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं बाड. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ट्रॅक्टर त्याच्याही आधी विकला!

हे सगळं आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडते आणि वाचते. एकूण एक पाकीट, चाकूनं नीट फोडून. कुठल्याशा संस्थेनं तिच्या नावापत्त्याच्या चिकटपट्ट्या छापून पाठवल्या की हिनं चेक लिहिलाच. म्हटलं, तू मागितल्या होत्यास का? तर म्हणाली, "मागितल्या नाहीत, पण वापरते ना? फुकट घ्यायची सवय नाही मला." आणि माझ्याकडे बघितलं. निदान मला तरी तसं वाटलं. घटस्फोट झाल्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, मी तिच्याकडे तात्पुरता राहतोय. सत्तावन्नाव्या वर्षी. माझ्या शाळकरी वयातल्या खोलीत.

११ ऑक्टोबर

कॉफीच्या दुकानात गावातला डेलबर्ट भेटला. बायको वारल्यावर तिच्या टपालाचं त्यानं काय केलं ते सांगत होता. पाकिटावर लिहायचं 'मयत – परत पाठवा', पुन्हा आपल्याच पेटीत ठेवायचं, पेटीच्या कडेचं लाल निशाण वर करायचं, म्हणजे न्यायचं टपाल आहे ही खूण. पोस्टवाला घेऊन जातो. "महिना-दोन महिन्यांत सगळं गप्प," म्हणाला.

येता येता छापखान्यात रबरी शिक्का करायला टाकला. रोज कोण लिहीत बसणार!

१६ ऑक्टोबर

बाबांच्या ट्रॅक्टरवर शिक्का. लाल शाई, ठसठशीत. बाबांच्या नावचं आणखीही बरंच निघालं. फार बरं वाटलं. या घरात आल्यापासून धड तडीला नेलेलं हे पहिलंच काम.

२१ ऑक्टोबर

लिहू की नको.

आज आईच्या पाकिटांवरही मारला. बाबांची संपली, हातात शिक्का, समोर तिचा ढीग – त्याच विम्याच्या योजना, म्हाताऱ्यांच्या वसाहतींची तीच गुळगुळीत पत्रकं, हसऱ्या आजीआजोबांची. आई आत टीव्हीवर हवामान ऐकत होती. जिवंत बाईच्या नावावर मयत! पहिल्या पाकिटावर हळूच टेकवला. पुढची पटापट झाली.

एवढं काय आहे त्यात? तिचे पैसे वाचतील, डोळे वाचतील. शंका नको म्हणून कॅटलॉग आणि एक कॅलेंडर तेवढं नेऊन दिलं.

"एवढंच?" म्हणाली.

"बाकी कचरा होता."

"कचरा कुठला ते मी ठरवेन की."

नेहमीचा पोस्टमन रोली कमरेच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहे. बदली पोरगी शेजारच्या गावची आहे, ती आम्हाला ओळखत नाही. हेही मी आधी बघून ठेवलं होतं. म्हणजे काय ते समजावं.

३ नोव्हेंबर

आई हल्ली टपालाच्या वेळेला खिडकीशी येऊन बसते. गुडघ्यामुळे पेटीपर्यंत जाता येत नाही, त्यात रस्त्यावर बर्फ. मी आत आलो की तोच प्रश्न – "काही आलं?" आज केस विंचरून, चांगला स्वेटर घालून बसली होती. मला राग आला. कागदाच्या रद्दीसाठी कुणी नटून बसतं का? बोललोही तसं.

९ नोव्हेंबर

चर्चहून आलो तर आर्डिसचा फोन. आर्डिस म्हणजे आईची शाळेपासूनची मैत्रीण, तासाभराच्या अंतरावर बर्च हाऊसमध्ये राहते – म्हाताऱ्या माणसांसाठी स्वतंत्र खोल्या आहेत तिथे. कानानं कमी ऐकते म्हणून फोनवर ओरडते, मला इकडे ऐकू येत होतं. "अगं, तू कुठे राहिलीस? शेजारची खोली रिकामी झाली म्हणून मी रोज तुझी वाट बघतेय, आणि काल तिथे भलतीच बाई पडदे लावत होती!"

आईनं फोन ठेवला आणि मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथे नाव घातलं होतं. यादीत पहिली होती. खोली मोकळी झाली की पत्र येतं, ठरल्या मुदतीत होकार कळवायचा.

"तू राहायला आलास तेव्हा नाव काढून घेणार होते," म्हणाली. "मग म्हटलं कशाला? तुला घर होईल, मला आर्डिस होईल. पत्र हातात पडलं की सांगणार होते तुला. आधी सांगितलं असतं तर तोंड पाडून बसला असतास."

मग रडायला लागली. बाबांच्या वेळीही माझ्यासमोर रडली नव्हती. "पत्र आलंच कसं नाही रे? विसरले असतील का मला?"

मला माहीत होतं. ती बोलत असतानाच आठवलं – पांढरं पाकीट, कोपऱ्यात बर्चचं झाड, आधीच्या पत्रकांसारखंच. न फोडता शिक्का मारला होता.

मी उठलो आणि तिला कॉफी ओतून दिली.

१० नोव्हेंबर

गाडीत बसून बर्च हाऊसला फोन केला, घरात आईला ऐकू जाऊ नये म्हणून. ऑफिसातल्या बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." म्हटलं, अहो, आई जिवंत आहे. मग त्यांनी सांगितलं – पत्र परत आलं, वर लाल शिक्का. फोन करून विचारणार होत्या, पण शोकातल्या घरी फोन करणं बरं दिसलं नाही. खोली यादीतल्या पुढच्या बाईंना दिली.

"शिक्का कुणी मारला?" विचारलं त्यांनी.

"चूक झाली काहीतरी," म्हणालो. कुणाची ते नाही सांगितलं.

आईचं नाव पुन्हा यादीत सगळ्यात वर घालते म्हणाल्या. आता आईला सांगायचं. जेवताना सांगेन.

जेवताना नाही सांगितलं.

१२ नोव्हेंबर

लाज, लाज, लाज.

दुपारी दारावरची घंटा वाजली. मी वरच्या मजल्यावर. आई काठी टेकत गेली आणि दार उघडलं. बाहेर चर्चमधली लव्हॉन आणि पाद्रीबाई, दोघी काळ्या कोटात. लव्हॉनच्या हातात हॉटडिशचं मोठं भांडं – आमच्याकडे कुणी गेलं की ते येतंच, खाली खिमा, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे. मी जिन्यात पोचलो तेव्हा तिघी एकमेकींकडे बघत उभ्या.

"कोण गेलं?" आईनं विचारलं.

लव्हॉननं भांडं छातीशी धरलं. शेवटी म्हणाली, "अगं अल्विना... तूच."

बदली पोस्टवालीनं पोस्टाच्या खिडकीवर विचारलं होतं, त्या टॉलेफसनबाई कधी वारल्या? तिथे लव्हॉन तिकिटं घ्यायला उभी. तिचा मुलगा गेलन बिचारा एकटा आहे, कुणाला कळवायचंही सुचलं नसेल, म्हणून दोघी आल्या. माझ्यासाठी आल्या होत्या.

आईनं भांड्याला हात लावून बघितला. "गरम आहे. आत या, निवायच्या आत खाऊ." बसवलं त्यांना! ताटल्या मांडल्या. "माझ्या मयताचं जेवण मलाच मिळतंय, असं भाग्य कुणाचं असतं?" पाद्रीबाई हसता हसता रडल्या. आई मला एवढंच म्हणाली, "गेलन, लोणी आण." मी आणलं. मीही खाल्लं, कारण समोर लव्हॉन होती.

त्या गेल्यावर म्हणाली, "दे इकडे, जे काय आहे ते."

शिक्का आणून दिला. तिनं कागदी रुमालावर उठवून बघितला, चष्मा लावून वाचला.

"माझं पत्र होतं यात?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी. आर्डिसचा फोन आला तेव्हा."

तिनं शिक्का टेबलावर ठेवला. मग म्हणाली ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो. "शिक्का मारलास त्याचं मला काही नाही. वैतागला असशील. तुझे बाबाही वैतागायचे. पण रविवारी मी तुझ्यापुढे बसून रडले, गेलन. आणि तू मला कॉफी ओतून दिलीस."

वर माझ्या खोलीत आलो. पुढे काही लिहिता येत नाही.

१५ नोव्हेंबर

बोलत नाही. जेवण वाढते, मीठ पुढे सरकवते. बोलत नाही.

१९ नोव्हेंबर

रोली कामावर परतला. गावभर झालंय, त्यालाही कळलंय. गाडीच्या खिडकीतून पाकिटं देत म्हणाला, "अरे वेड्या, जाहिराती परत जात नाहीतच. कमी तिकिटाचं टपाल ते, आम्हीच कचऱ्यात टाकतो. पूर्ण तिकीट लावलेलं असेल तेवढंच पाठवणाऱ्याकडे परत जातं."

म्हणजे माझ्या शिक्क्यानं एवढ्या दिवसांत एकच पत्र परत पाठवलं. तेच.

शिक्का सुरीनं कापला आणि कचऱ्यात टाकला. आता काय उपयोग, पण टाकला.

२३ नोव्हेंबर

आईला बर्च हाऊसला घेऊन गेलो. ती बोलली नव्हतीच, मीच सकाळी कोट घालून उभा राहिलो आणि म्हणालो, चल, आर्डिसकडे. मुकाट्यानं गाडीत बसली.

आर्डिस दारातच ओरडली, "या भूतबाई!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की कॉरिडॉरमधल्या बायका डोकावून बघायला लागल्या. दुपारभर पत्ते खेळल्या. आर्डिस उघड उघड फसवते आणि आई तिला फसवू देते. मी कोपऱ्यात बसून होतो. शेजारच्या दारावर नवे पडदे, पिवळे. तिकडे बघवेना.

निघताना आर्डिसनं माझा कान धरला, खरोखरच धरला, पोराचा धरावा तसा. "दर रविवारी आणायचं हिला. चुकवलंस तर बघ!"

परतताना शेतं संपेपर्यंत आई बाहेर बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तिला माझे ओटमीलचे गोड बार न्यायचे आहेत. आठवण कर."

अकरा दिवसांनी बोलली. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

७ डिसेंबर

तिसरा रविवार. रस्ता निसरडा होता तरी गेलो.

टपाल आता मी आहे तसं टेबलावर ठेवतो, एक कागद न काढता. आज आईनं निम्म्याहून अधिक न फोडताच कचऱ्यात टाकलं. मी बघतच राहिलो. "मला काय, कळत नाही वाटलं होतं तुला?" म्हणाली. "पण माझ्या नावाचं आहे ना, माझ्या हातानं टाकते." चिकटपट्ट्या मात्र ठेवून घेतल्या.

डेलबर्ट म्हणाला, झालं गेलं विसर आता, आईनं माफ केलं ना? माफ केलं की नाही, ठाऊक नाही. विचारायचं धाडस नाही. पण मला वाटतं, अशी वर्षभर रविवारची फेरी झाली तर कदाचित मान वर करून तिच्यासमोर बसता येईल. खोली मिळेपर्यंत मी आहे, गाडी आहे.

१२ डिसेंबर

सकाळी बर्च हाऊसचा फोन आला. आई आंघोळीला गेली होती, मी घेतला. त्याच ऑफिसातल्या बाई, तोच हळू आवाज. काल रात्री आर्डिस झोपेतच गेली, म्हणाल्या. आणि घाईचं वाटेल, पण यादीत आईचं नाव पहिलं आहे, तेव्हा तिची खोली हवी का ते कळवा.

आई आता केस पुसत स्वयंपाकघरात आली आहे. रविवारसाठी बार करायला ओट्स काढतेय. विचारतेय, "कुणाचा फोन होता?"