खांद्यावरचा हात

कुमासी, १४ ऑगस्ट

प्रिय अफ्रिये ताईला सेरवाचा नमस्कार.

ताकोराडीला सुखरूप पोहोचलीस ना? इकडे बाबांच्या अंत्यविधीचा मांडव उतरला, खुर्च्या परत गेल्या. आईचे पाय सुजलेत, तरी जेवणातल्या फुफूसाठी उकडलेला कसावा स्वतःच कांडते. कुणाचं ऐकेल तर ती आई कसली.

बाबांची तसबीर अजून पडवीतच आहे. फाटक्या फोटोंचे तुकडे चिकटवून मी गावभराच्या तसबिरी करते, पण हिच्याइतकं कौतुक कशाचंच झालं नव्हतं. तू मात्र तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिलीस. नीट जेवलीही नाहीस.

बाबांचा तुझ्या आईबरोबरचा तो फोटो तू या तसबिरीसाठी विश्वासानं दिला होतास. तुझ्या आईचा दुसरा फोटो नाही, हे मला ठाऊक होतं. काम करताना फाटला, असं मी तुला सांगितलं. ताई, तो फाटला नाही. मी फाडला. नक्कल काढून देणारं दुकान आमच्या गल्लीतच आहे. पण त्या फोटोत बाबा जसे हसत होते, तसे दोन घरं सांभाळताना आमच्या घरात कधी हसले नाहीत. मला ते हसू हवं होतं आणि तुझी आई नको होती.

तिचा हात तेवढा निघेना. बाबांच्या खांद्यावर घट्ट होता. मी त्यावर दुसऱ्या फोटोंमधल्या कपड्यांचे कागदी तुकडे चिकटवले.

काल आई तसबिरीसमोर बसली होती. म्हणाली, "हात झाकलास गं, पण माणूस एका बाजूला कललाय. कुणीतरी धरलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. जिनं धरलं होतं, तिला धरू दे."

ओल्या फडक्यानं मी ते तुकडे सोडवले. आधी पिवळ्या मण्यांचं कडं दिसलं, मग बोटं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेला अर्धा फोटो सोबत पाठवते आहे. त्यात तुझी आई छान हसते आहे, पण तिचा उजवा हात इकडे राहिला. तू म्हणशील तर तो कापून पाठवीन. बाबांच्या खांद्याला भोक पडेल, पडू दे. नाहीतर ये आणि अख्खी तसबीरच घेऊन जा. आई अडवणार नाही, मीही नाही.

माफ केलंस असं मात्र उगाच लिहू नकोस.

तुझ्या बाबांची धाकटी,
सेरवा