हिसानोने स्वतःच्या दुखवट्याला केलेला चहा

ती. त्सुयोआक्का यांस,

तोमेकिचीचा, कंबर जिथवर परवानगी देते तिथवर वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा थंडीत कुरकुरत नाही ना? साडूभाऊंचा खोकला कसा आहे (आणि त्याचं औषध म्हणून चालणारी साकेची बाटली)? सूनबाईंनी ती दाढ काढली का? म्हाताऱ्या मांजरीला अजून दिसतं का? आणि गेल्या महिन्यापासून तुमच्याकडे मुक्कामाला असलेली पाहुणी, म्हणजे माझी बायको हिसानो, तिची तब्येत कशी आहे? तिला विचारू नका, नुसतं बघून कळवा.

ती का आली हे तिने तिच्या परीने सांगितलं असेलच. आता माझ्या परीने ऐका. जन्मभर तातामीच्या चटया शिवल्या, बोटं थकली तेव्हा म्हाताऱ्यांच्या लेखन मंडळात जाऊन बसलो. शाळा बेताची, पण वाचन उदंड (चटया बांधायला येणारी रद्दी मी आधी वाचून मग वापरायचो). तिथे एक कथा लिहिली. पहिलंच वाक्य असं : ‘बायको गेल्यावर मला कळलं, की आमच्या घरात चहाचा डबा कुठे असतो हे मला ठाऊकच नाही.’ मंडळाला ती इतकी आवडली, की गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या फळीला त्यांनी ती अडकवून दिली, गटारसफाईच्या वाराखाली. नेमका त्याच सुमारास हिसानोचा पाय मुरगळलेला, त्यामुळे ती बाजारात दिसत नव्हती. झालं! गावाने दोन आणि दोन पाच केले.

पहिले आले मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर मुरोझोनो. हातात पांढरी शेवंती, उदबत्तीचा पुडा. दार हिसानोनेच उघडलं. गुरुजी इतके खाली वाकले, की समोर कोण आहे ते दिसलंच नाही. “गेल्या बिचाऱ्या! फार सोसलं त्यांनी.”

“सोसलं खरं,” हिसानो म्हणाली. “या आत, चहा घ्या.”

वर बघितल्यावर माणसाने ओशाळावं की नाही? हे माझ्यावरच उखडले. “फसवलंत तुम्ही! ‘मी’ लिहिलंय ना? मग मी म्हणजे मीच!” मी म्हटलं, गुरुजी, बाहुलीनाट्यात बाहुली रडली म्हणून बाहुलीवाल्याच्या घरी कोणी समाचाराला जातं का? कथेतला ‘मी’ ही बाहुली. आणि तुमच्या गेल्या कथेत ‘मी’ प्रेयसीसाठी रात्रभर बर्फात उभा होता. तुम्हाला तर मोजे काढले की शिंका येतात. त्यावर म्हणाले, ते अंतरीचं सत्य होतं. (आक्का, शिकलेल्या माणसाचं खोटं अंतरीचं असतं, आपलं नुसतंच खोटं.) चहा मात्र दोनदा मागून घेतला.

मग लग्नं जुळवणाऱ्या नागितानीबाई आल्या, एका विधवेचा फोटो घेऊन. हिसानोला जिवंत बघून क्षणभर दचकल्या, पण आणलेला फोटो परत नेणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. हिसानोने चष्मा लावून फोटो पाहिला. “नाक बरं आहे. पण हिला रजया कुठे ठेवायच्या ते शिकवावं लागेल.”

“ते मी शिकवीन वहिनी, तुम्ही अगदी निश्चिंतपणे जा!”

तोवर हिसानो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. बिघडलं ते संध्याकाळी. तिने कथा स्वतः वाचायला घेतली. घडी करून म्हणाली, “मारलंत त्याचं काही नाही. पण मी पहिल्या ओळीत मरते आणि पुढची सगळी पानं तुम्ही डबाच शोधताय.”

“अगं, तो मी नव्हे! तो कथेतला ‘मी’!”

“बरं. मग तुम्ही सांगा, डबा कुठे आहे?”

 दुसऱ्या दिवशी पाय बरा झाल्याचं जाहीर करून तिने तुमच्या गावची गाडी पकडली. एवढ्या मोठ्या गावात कथा वाचायची अक्कल एकालाही नाही, आणि शिक्षा मला.

आपला,
तोमेकिची

ता. क. : इथे कडाक्याची थंडी पडली आहे. रजया कुठे आहेत, एवढं तिला माझं नाव न घेता विचारावं. चहाचा डबा सापडला. रिकामा आहे.

आणखी एक ता. क. : तुमच्या कार्डात तुम्ही सहज लिहिलंय, की हिसानोही आता दुपारी खिडकीशी बसून कथा लिहिते आणि तिची सुरुवात ‘नवऱ्याला पोहोचवून आले आणि जन्मात पहिल्यांदा पोटभर वाम मासळी खाल्ली’ अशी आहे. तो ‘मी’ म्हणजे ती नव्हे, हे मला कळतं. मी गावाला तेच सांगत फिरतोय. पण परवापासून झोप नाही. तुम्ही ती चोरून वाचा. नवरा कशाने मेला, ते राहू द्या. वाम खाऊन झाल्यावर ती बाई आपल्या घरी परत जाते का, तेवढं उलट टपाली कळवा.